डॉक्टर म्हणाले 'घरी न्या, सेवा करा', म्हणजे नेमकं काय करायचं?

पत्र (थोडं कमी करून देतेय):

ताई, माझ्या आईला (वय ६४) ओव्हरीचा कॅन्सर आहे, तीन वर्षं झाली. ऑपरेशन झालं, किमोची औषधं तीन वेळा बदलून झाली, आता लिव्हरवर आणि पोटात पसरलाय. मागच्या महिन्यात डॉक्टर म्हणाले की आता किमोचा उपयोग नाही, घरी न्या, सेवा करा. आईला आम्ही हे सांगितलेलं नाही, तिला वाटतं थोडी ताकद आली की पुढची किमो. दादा पुण्यात आयटीत आहे, तो म्हणतो मुंबईला नेऊ, इम्युनोथेरपी करू, घरावर लोन काढू. मावशी म्हणते पोटात काही गेलंच नाही तर ताकद कुठून येणार, म्हणून दर दोन तासांनी काहीतरी भरवतो आणि ती ओकते. रात्री पोटात आणि कंबरेत इतकं दुखतं की सगळं घर जागं असतं. डॉक्टरांनी मॉर्फिनचं नाव काढलं होतं पण बाबा नको म्हणाले, सवय लागेल आणि त्यानेच जाईल ती. परवा आई म्हणाली माझ्या पाटल्या कुणाला द्यायच्या ते लिहून ठेव, मी म्हटलं असलं अभद्र बोलू नकोस. मी शाळेत शिकवते, रजा संपत आल्यात. आता खरंच काहीच करता येत नाही का?
– कराडहून एक लेक

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रात सगळे बोलतायत. डॉक्टर बोलतायत, दादा बोलतोय, मावशी बोलतेय, बाबासुद्धा मॉर्फिनवर मत देतायत. आईचं मात्र अख्ख्या पत्रात एकच वाक्य आहे, पाटल्यांचं, आणि ते तू मध्येच तोडलंस. रागावत नाहीये मी, बहुतेक घरांत हेच होतं, पण माझं पुढचं सगळं म्हणणं याच एका गोष्टीभोवती फिरणार आहे म्हणून आधीच सांगून टाकलं.

त्याच्याआधी दुखणं. पोट पिळवटत असताना कुणी कुणाशी मनातलं बोलत नाही, त्यामुळे पहिलं काम ते. डॉक्टर जे म्हणाले ते कॅन्सरवरच्या औषधांपुरतं खरं आहे. दुखणं, ओकाऱ्या, दम, झोप, पोटात साठणारं पाणी, रात्रीची घालमेल यांच्यावर अजून भरपूर करता येतं आणि त्याचे वेगळे डॉक्टर असतात, पॅलिएटिव्ह केअरचे. 'घरी न्या' म्हणताना तुमच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे चिठ्ठी द्यायला हवी होती, दिली नसेल तर तू मागून घे. जिथे किमो झाली तिथेच आधी विचार की पॅलिएटिव्हची किंवा पेनची, म्हणजे दुखण्याची, ओपीडी आहे का. नसेल तर साताऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी कर. आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७पासून चालू आहे, पैसे घेत नाहीत, पेशंटबरोबर घरचं एक माणूस राहतं. तुम्हाला तर ते सोयीचं आहे कारण वारजे बायपासवरच आहे, कराडहून हायवेने आलं की पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये शिरावंही लागत नाही. तिथे कायमचं ठेवायचं असं डोक्यात घेऊ नका, बरेच लोक काही दिवस राहून दुखणं आटोक्यात आणतात, अंग पुसायचं कसं, कूस बदलायची कशी हे शिकून घेतात आणि घरी परततात.

आता मॉर्फिन. बाबांना जे वाटतं ते आपल्याकडे जवळजवळ प्रत्येकालाच वाटतं. मी होमकेअरच्या टीमबरोबर काउन्सेलर म्हणून गावोगावी फिरायचे तेव्हाचं एक घर अजून डोळ्यासमोर आहे, आजोबांच्या मॉर्फिनच्या गोळ्या मुलाने देवघरातल्या डब्यात कुलूप लावून ठेवलेल्या, आणि ते ओरडायला लागले की अर्धी गोळी. मुलगा वाईट नव्हता, वडिलांना व्यसन लागू नये म्हणून जपत होता. पण गोळी लागू पडायला अर्धा-पाऊण तास, तोवर ते भिंतीवर डोकं आपटायचे. दूध उतू गेल्यावर गॅस बारीक करून काय उपयोग? साधी मॉर्फिनची गोळी चार तासांच्या आसपास काम करते म्हणून ती घड्याळ लावून, दुखणं परत वर यायच्या आत द्यायची असते, आणि मध्येच दुखलं तर वेगळा जादा डोस डॉक्टर लिहून देतात. रात्री २ वाजता उठवावं लागू नये म्हणून झोपतानाचा डोस वाढवून देतात काही डॉक्टर, ते विचारून घे. स्वतःच्या मनाने मात्र कमीजास्त करू नका.

सवयीचं म्हणशील तर, दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली मॉर्फिन घेणाऱ्या अशा पेशंटला व्यसन लागणं फार क्वचित होतं. डोस वाढतो तो बहुतेकदा दुखणं वाढलं म्हणून. आणि 'त्यानेच जाईल' हे बाबांचं वाक्य, ते त्यांना एकदा डॉक्टरांच्या तोंडावर विचारू दे, मनात ठेवू नकोत. थोड्यापासून सुरू करून हळूहळू वाढवलं तर श्वास थांबण्याची भीती फारशी नसते. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते, मळमळतं, ते बहुतेकांचं कमी होतं, आणि कित्येकदा गुंगी वाटते ती खरं म्हणजे किती रात्रींची राहिलेली झोप असते. जी गोष्ट कमी होत नाही ती म्हणजे बद्धकोष्ठ. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पोट साफ होण्याचं औषध बरोबर हवंच, ते लिहिलं नसेल तर मागा. इसबगोल नको, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या पोटात त्याचा गोळा होतो. आणि तुझ्या आईच्या बाबतीत एक जास्तीची काळजी: ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये आतडं कुठेतरी दाबलं जाऊन अडकू शकतं. संडास नाही, गॅसही सरत नाही, पोट फुगून कळा येतायत आणि ओकाऱ्या थांबत नाहीत, असं झालं तर जुलाबाचं औषध स्वतःहून द्यायचं नाही, लगेच डॉक्टरांना फोन. तिच्या ओकाऱ्यांमागे आत्तासुद्धा हेच थोडंफार असू शकतं, सगळं खापर जेवणावर फोडू नका, एकदा तपासून घ्या. तसंच लघवी कमी झाली आणि ती झोपेत हातपाय झटकायला लागली किंवा भिंतीवर माणसं दिसतायत म्हणाली तरी फोन करा, डोस किंवा औषध बदलायची वेळ आलेली असते.

गल्लीतल्या मेडिकलमध्ये बहुधा मॉर्फिन मिळणार नाही, त्याने घाबरून जाऊ नकोस. अमली पदार्थांवरच्या १९८५च्या एनडीपीएस कायद्यामुळे दवाखान्यांना ते ठेवणंच नको झालं होतं, एकेका बाटलीसाठी कितीतरी परवाने. २०१४ला कायदा बदलला, आता मान्यता मिळालेल्या संस्थांना ठेवता येतं. म्हणजे बघ, अफू पिकते शेजारी मध्य प्रदेशात, नीमच-मंदसौरला, सरकारच्या परवान्याने, आणि सातारा जिल्ह्यातल्या बाईला त्याची गोळी मिळवायला पुणं गाठायला लागतं. असो. चिठ्ठी, फाइल आणि आधारकार्ड घेऊन दादा जाऊ शकतो आणायला, दर वेळी आईला न्यायची गरज नसते, पण तिथला नियम फोनवर विचारून मगच निघू दे.

दादाचं आता. त्याला झिडकारू नकोस, लांब राहणाऱ्या मुलाला 'मी काहीच केलं नाही' हे जास्त खातं, म्हणून तो लोनची भाषा बोलतोय. सेकंड ओपिनियन घ्यायला माझा काही विरोध नाही, पण त्यासाठी आईला ॲम्ब्युलन्समध्ये घालून मुंबईला कशाला न्यायचं, फाइल जाऊ दे. टाटा मेमोरियलच्या तज्ज्ञांचं मत 'नव्या' नावाच्या ऑनलाइन सेवेतून घरबसल्या घेता येतं, रिपोर्ट अपलोड करायचे. इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचं, सांगायचं तर फुप्फुसाच्या कॅन्सरला किंवा मेलानोमाला (त्वचेच्या एका कॅन्सरला) तिचा जो फायदा दिसलाय तसा ओव्हरीच्या कॅन्सरला दिसलेला नाही, आणि दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात असलेल्या पेशंटला असे जड उपचार बहुतेक डॉक्टर देतच नाहीत. कुणी देतो म्हणालाच तर दादाने त्याला सरळ विचारावं की यातून आईला किती दिवस जास्तीचे मिळतील, त्यातले किती दवाखान्यात जातील, आणि तुमची आई असती तर केलं असतंत का. शेवटचा प्रश्न आगाऊ वाटतो पण डॉक्टर त्यालाच सगळ्यात खरं उत्तर देतात असा माझा अनुभव आहे.

आणि दादाला आकडे लागत असतील, आयटीवाला आहे म्हणून म्हणते, तर अमेरिकेत बोस्टनला फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटवर झालेला एक अभ्यास २०१० साली छापून आला. अर्ध्यांना नेहमीची ट्रीटमेंट, अर्ध्यांना तीच ट्रीटमेंट आणि पहिल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटाला त्रास कमी झाला, शेवटी शेवटी आक्रमक उपचारही त्यांनी कमी घेतले, आणि तरी ते जास्त जगले, साधारण साडेअकरा महिने विरुद्ध नऊ. आजार वेगळा आहे, टप्पा वेगळा आहे, आईला तेवढे महिने मिळतील असा त्याचा अर्थ अजिबात नाही. पण 'पॅलिएटिव्ह केअर म्हणजे हात टेकणं' हे जे त्याच्या डोक्यात आहे ते निघायला त्याची मदत होईल.

आता मूळ मुद्दा. आईला सांगायचं का?

माझं मत विचारशील तर तिला बरंचसं कळलंय. पाटल्या वाटायच्या गोष्टी कोण करतं? तीन वर्षं दवाखान्यात बसलेली बाई आहे, शेजारच्या खुर्चीवरच्या बायका एकेक करून यायच्या बंद झालेल्या तिने बघितल्यात, स्वतःचं पोट तिला रोज दिसतंय. ती तुम्हाला त्रास नको म्हणून पुढच्या किमोचं बोलते आणि तुम्ही तिला त्रास नको म्हणून मान डोलावता, आणि सगळं घर एकमेकांपासून तोंड लपवत फिरतंय. यात सगळ्यात एकटी पडते ती पेशंट. सगळं भडाभडा सांगून टाक असं मी म्हणत नाहीये, काही माणसांना खरंच सगळं ऐकायचं नसतं आणि तोही त्यांचा हक्क आहे. पण तिला काय ऐकायचंय हे मावशीने आणि दादाने का ठरवायचं?

सुरुवात सोपी आहे, ती तुझ्यासाठी आईनेच करून ठेवलीये. दुखणं जरा कमी असेल अशा वेळी, टीव्ही बंद करून, वही-पेन घेऊन तिच्याजवळ बस आणि म्हण, आई परवा तू पाटल्यांचं सांगत होतीस, मी तुला गप्प केलं, आता सांग काय लिहू. आणि खरंच लिही. थोरलीला कोणती, सुनेला कोणती, जोगेश्वरीला साडी नेसवायची राहिलीय का, कुणाचे उसने द्यायचेत. लिहिता लिहिता विचार, तुला काय वाटतं गं, तब्येतीचं काय चाललंय? मग तू गप्प बस. ही गप्प बसायची जागा अवघड असते, आपल्याला लगेच 'काही होत नाही तुला' म्हणायचं असतं, ते तेवढं गिळ. तिने सरळ विचारलं की मी बरी होणार नाही ना, तर खोटं बोलू नकोस. 'डॉक्टर म्हणाले किमोने आता आजार आवरत नाहीये, पण तुझं दुखणं ते कमी करणार आहेत आणि आम्ही कुठेही जात नाही', एवढं पुरे. किती दिवस ते सांगू नकोस, ते कुणालाच नक्की माहीत नसतं. रडलीत तर रडा दोघी. आणि बाबांना त्याच खोलीत बसव, भले ते एक शब्द बोलणार नाहीत.

मग तिला आणखी दोन गोष्टी विचारायच्या: शेवटी घरी राहायचंय की दवाखान्यात, आणि श्वास लागला तर आयसीयू, नळ्या, व्हेंटिलेटर हवंय का. हे तिच्या तोंडून आलेलं असलं ना की पुढे दादा आणि तू भांडणार नाही. लिहूनही ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ला लिव्हिंग विल, म्हणजे शेवटी कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, मान्य केलं आणि २०२३च्या जानेवारीत ते सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर, पूर्वीसारखं मॅजिस्ट्रेटकडे जायला नको. पण घरीच राहायचं ठरत असेल तर कागदापेक्षा सगळ्यांना माहीत असणं जास्त कामाचं.

भरवण्याचं थांबवा. मावशीला हे पटणार नाही, मला माहितीये, आपल्याकडे जेवण भरवणं म्हणजेच माया. पण या टप्प्याला कॅन्सर शरीराचा कारभारच बदलून टाकतो, भूक मरते, आणि कोंबलेलं अन्न अंगी न लागता नुसतं ओकारीतून बाहेर येतं. न खाल्ल्यामुळे ती खंगत नाहीये, आजारामुळे खंगतेय आणि त्याचमुळे खात नाहीये. तिला हवं तेव्हा, हवं ते, वाटीऐवजी चमच्याने. ताकातली आंबील, मऊ भात, गार कोकम सरबताचे चार घोट, बर्फाचा खडा चोखायला. काही नको म्हणाली तर नको. 'निदान सलाईन तरी लावा' असं कुणीतरी म्हणेलच, पण शेवटच्या दिवसांत सलाईनचं पाणी शरीराला पेलत नाही, पायावर सूज आणि छातीत घरघर वाढू शकते. मावशीला दुसरं काम दे: तोंडाची निगा. मऊ ब्रशने किंवा बोटाला ओलं फडकं गुंडाळून जीभ आणि हिरड्या पुसायच्या, ओठांना व्हॅसलिन, दिवसातून चार-पाच वेळा. याने जेवढं बरं वाटतं तेवढं दोन वाट्या शिऱ्याने वाटणार नाही, आणि मावशीचे हातही रिकामे राहणार नाहीत.

पोट फुगून दम लागत असेल तर पाणी काढता येतं, तेही विचार. दम लागला की उशा लावून उंच बसवा आणि छोटा पंखा चेहऱ्यावर वारा लागेल असा धरा, इतकी साधी गोष्ट पण उपयोग होतो. एअरबेड भाड्याने मिळतो, तो आणा, तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच.

शेवट जवळ आला की ती जास्त झोपेल, गिळायची बंद होईल, हातपाय गार पडतील, श्वास मध्येच थांबून परत चालू होईल, घशात घरघर वाजेल. ती घरघर ऐकायला भयंकर असते पण बहुधा त्या माणसाला तोवर त्याची जाणीव नसते, कुशीवर वळवा, घरघर कमी करायला औषधही असतं. गोळी गिळता येईनाशी झाली की मॉर्फिन बंद करायचं नसतं, कातडीखालून इंजेक्शन किंवा त्याच जातीच्या दुसऱ्या औषधाचा कातडीवर चिकटवायचा पॅच असे मार्ग असतात, ते डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेव, रात्री ११ला धावपळ नको. आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरांना आठवड्यातून एकदा घरी येऊन बघून जायला सांग. एक तर आधार, आणि दुसरं म्हणजे घरी मृत्यू झाला की कारणाचा दाखला त्यांनीच द्यायचा असतो, ते आधीपासून बघत असले की त्या दिवशी कागदासाठी वणवण होत नाही. बोलायला कसंतरी वाटतं पण ज्यांनी ती वणवण केलीये त्यांना विचार.

तुझं स्वतःचं तू पत्रात एका ओळीत उरकलंस. अर्जित रजा, अर्धपगारी रजा किती शिल्लक आहे ते क्लार्ककडून लिहून घे आणि सगळी आत्ताच संपवू नकोस, पुढे जास्त लागेल. आठवड्यातल्या दोन रात्री ब्युरोची बाई ठेवता आली तर ठेवा, तिचे पैसे दादा देईल, लोनच्या हप्त्यापेक्षा स्वस्तच पडेल. शनिवार-रविवारच्या रात्री मात्र दादाने स्वतः आईजवळ झोपायचं, गोळीचा अलार्म त्याच्या मोबाईलवर, आणि तू त्या रात्री दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचंस. पैसे पाठवतो म्हणाला तर घे, पण ये म्हण. अगदीच असह्य झालं तर मनाच्या आधारासाठी टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

हे उत्तर दादाला फॉरवर्ड करायचं असेल तर खुशाल कर, फक्त आईशी बोलून होईपर्यंत फॅमिली ग्रुपवर टाकू नकोस, तो ग्रुप तिच्याही फोनवर असणार.